ट्रकवर दहा लाख डॉलरचा विमा, मग जखमी चालकाच्या वाट्याला तीस हजारच का?

अमेरिकेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या टेक्सासमध्ये राहतात. यजमानांचा स्वतःचा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) आहे आणि तो इलिनॉयमधल्या एका मोटर कॅरियरकडे, म्हणजे मालवाहतूक कंपनीकडे, लीजवर (भाडेकरारावर) लावलेला होता. भरलेला ट्रेलर घेऊन आय-२० महामार्गावरून जाताना दुभाजक ओलांडून आलेल्या पिकअपने त्यांना धडक दिली. चूक पूर्णपणे पिकअपवाल्याची, पोलिस रिपोर्टही तसाच. यजमानांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, ट्रॅक्टर टोटल झाला, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतका मोडला. पिकअपवाल्याचा विमा टेक्सासच्या किमान मर्यादेचा, म्हणजे ३०/६०/२५: एका जखमीला ३०,०००, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला २५,००० डॉलर. त्याच्या कंपनीने जखमेपोटी ३०,००० डॉलर देऊ केले आहेत आणि सोबत सहीसाठी रिलीज, म्हणजे पुढचे दावे सोडल्याचा कागद, पाठवली आहे. कॅरियरच्या सेफ्टी विभागाने फोनवर सांगून टाकलं की तुम्ही इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर (नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार) आहात, आमच्या पॉलिसीत तुमचं काही नाही. ताई विचारतात, ट्रकच्या दारावर ज्या कंपनीचं नाव आहे तिचा दहा लाख डॉलरचा विमा असताना आमच्या हाती इतकंच का येणार? आणि या रिलीजवर सही करायची का?

ताई, आधी सहीचं बोलू. आज सही करू नका. पैसे नाकारायचे नाहीत, पण घेण्याआधी दोन कामं उरकायची आहेत आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही.

पहिलं काम संमतीचं. समोरच्याचा विमा अपुरा पडला तर उरलेली भरपाई जी पॉलिसी देते तिला अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर म्हणतात. आमच्या धंद्यात यूआयएम. अशा बहुतेक पॉलिसींत एक कलम असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय अपराधी चालकाशी तडजोड करायची नाही. तुम्हाला पैसे दिल्यावर ते पिकअपवाल्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीला राखायचा असतो, आणि तुमच्या एका सहीने तो हक्क संपतो. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये असं ठरवलं आहे की संमती न घेतल्यामुळे कंपनीचं खरोखर नुकसान झालं असेल तरच ती या कारणावरून क्लेम नाकारू शकते. हा आधार चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर आधी सही करून मागून भांडत बसू नये. शिवाय तुमच्या प्रकरणातली एखादी पॉलिसी इलिनॉयमध्ये काढलेली असू शकते. अपघात टेक्सासमध्ये झाला एवढ्यावरून सगळ्या पॉलिसींना टेक्सासचाच कायदा लागतो असं नाही. पॉलिसी कुठे दिली गेली आणि ट्रक मुख्यतः कुठे ठेवला जात होता हेही पाहिलं जातं.

म्हणून आधी पत्रं जाऊ द्या. कॅरियरच्या ऑटो विमा कंपनीला एक, यजमानांच्या नॉन-ट्रकिंग किंवा बॉबटेल पॉलिसीच्या (कॅरियरच्या कामावर नसताना ट्रॅक्टरला लागू होणाऱ्या विम्याच्या) कंपनीला एक, घरच्या गाडीच्या विमा कंपनीला एक, आणि घरात राहणाऱ्या कुणाची वेगळी पॉलिसी असेल तर तिथेही एक. पत्रात अपघाताची तारीख आणि जागा लिहा, पिकअपच्या कंपनीचं नाव आणि क्लेम नंबर द्या, ३०,००० ची ऑफर आल्याचं कळवा आणि रिलीजची प्रत जोडा. शेवटी इतकंच विचारा की तुम्ही या तडजोडीला लेखी संमती देता, की स्वतः तेवढी रक्कम भरून वसुलीचा हक्क राखता? फोनवर मिळालेल्या होकाराला किंमत नसते. पोचपावतीसह टपाल आणि ईमेल, दोन्ही करा.

दुसरं काम रिलीज वाचण्याचं. ‘या अपघातातून उद्भवणारे सर्व दावे, सर्व व्यक्तींविरुद्ध’ अशी वाक्यरचना दिसली तर तिथेच थांबा. तीस हजार जखमेचे आहेत. ट्रॅक्टरच्या नुकसानीचा २५,००० चा भाग वेगळा आहे, तो याच सहीत बुडता कामा नये. आणि पिकअपवाला त्या वेळी कुणाच्या कामावर होता का, हे अजून कुणी तपासलेलं दिसत नाही. पिकअपमध्ये अवजारं होती का, कुठे माल पोहोचवत होता का, गाडी कुणाच्या नावावर होती, हे सगळं विचारायला हवं. तो नोकरीच्या कामावर असेल तर मालकाची कमर्शियल पॉलिसी उघडते आणि सगळा हिशेबच बदलतो. दारू पिऊन चालवत असेल तर टेक्सासच्या कायद्यात, ठरावीक परिस्थितीत, दारू देणारा बारही जबाबदार ठरू शकतो. याहून दुसरा कोणताही विमा नाही, अम्ब्रेला (मूळ विम्यावरची जादा) पॉलिसी नाही आणि मी कामावर नव्हतो, असं शपथपत्र पिकअपवाल्याकडून मागा. किमान मर्यादेची ऑफर लगेच पुढे करणाऱ्या कंपनीकडे हे मागणं अगदी रीतसर आहे.

आता त्या दहा लाखांविषयी. या प्रश्नात माझा जीव अडकतो, कारण ज्या घरावर असा प्रसंग येतो तिथे प्रत्येकाला हा आकडा ठाऊक असतो आणि तो आपल्यासाठी आहे असं वाटत असतं. राज्याराज्यांतून भाड्याने साधा, धोकादायक नसलेला माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला केंद्राच्या नियमांनुसार किमान साडेसात लाख डॉलरची जबाबदारी सिद्ध करावी लागते. १९८० च्या मोटर कॅरियर कायद्यातून ही पद्धत आली आणि साध्या मालासाठीचा हा आकडा १९८५ पासून तिथेच आहे. माल मिळवून देणारे ब्रोकर आणि माल पाठवणारे दहा लाख मागतात म्हणून कॅरियर दहा लाखांची पॉलिसी घेतात. पण तो लायबिलिटीचा विमा आहे. ट्रकने दुसऱ्याला इजा केली तर त्या दुसऱ्याला द्यायचे ते पैसे. तुमचे यजमान पिकअपवर जाऊन आदळले असते तर पिकअपवाल्याला त्यातून मिळाले असते. त्या पॉलिसीला जोडलेलं एमसीएस-९० हे पुरवणीपत्रही जनतेच्या रक्षणासाठीच आहे. कॅरियरच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना ते लागू नाही, आणि केंद्राच्या सुरक्षा नियमांत ट्रक चालवणारा इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टरही ‘एम्प्लॉयी’च्या व्याख्येत मोडतो. सेफ्टी विभागाचं बोलणं लायबिलिटीपुरतं खरं आहे, पण तेवढ्यापुरतंच. त्याच पॉलिसीत यूआयएमचा वेगळा रकाना असतो आणि त्याविषयी फोनवरचा माणूस काहीच बोललेला नाही.

तो रकाना बघण्यासाठी लीज करार काढा. भाड्याने लावलेल्या ट्रकच्या करारांसाठी केंद्राचे नियम आहेत. त्यांना ट्रुथ-इन-लीझिंग म्हणतात, केंद्राच्या नियमसंहितेच्या ४९ व्या भागातला ३७६ वा विभाग. त्यातल्या ३७६.१२ मधलं ‘जे’ हे कलम विम्याचं आहे. जनतेच्या रक्षणाचा विमा ठेवण्याचं कॅरियरचं बंधन करारात स्पष्ट हवं, बॉबटेलसारखा इतर विमा कोण घेणार ते लिहिलेलं हवं, आणि विम्यापोटी तुमच्याकडून पैसे कापायचे असतील तर तेही नमूद हवं. त्यापुढचा भाग फार थोड्या ओनर-ऑपरेटरांना (स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यांना) माहीत असतो. कॅरियरकडून किंवा कॅरियरमार्फत तुम्ही कोणताही विमा घेतला असेल, तर मागितल्यावर पॉलिसीची प्रत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सोबत प्रमाणपत्रही द्यावं लागतं: विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, कालावधी, कव्हरचे प्रकार आणि रकमा, प्रत्येकासाठी तुमच्याकडून घेतलेली किंमत आणि डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग).

दर आठवड्याच्या सेटलमेंटच्या कागदांवर ‘इन्शुरन्स’, ‘पीडी’ (फिजिकल डॅमेज, ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा), ‘ऑक-ॲक’ (ऑक्युपेशनल ॲक्सिडेंट, कामावरच्या अपघाताचा विमा), ‘एनटीएल’ (नॉन-ट्रकिंग लायबिलिटी) अशा नावांनी कपात झालेली दिसेल. मागच्या वर्षभराचे कागद समोर घ्या आणि प्रत्येक कपातीपुढे ती कोणत्या पॉलिसीची ते लिहा. ज्या कपातीची पॉलिसी सापडत नाही, तिची मागणी या नियमाचा उल्लेख करून लेखी करा. सेफ्टी विभागाकडे नको, कॅरियरच्या मुख्य कार्यालयाकडे करा.

कॅरियरच्या ऑटो पॉलिसीतले तीन कागद मागायचे: डिक्लरेशन्स पान (पॉलिसीतल्या कव्हरचा आणि रकमांचा गोषवारा), तुमच्या राज्याला लागू यूएम/यूआयएम पुरवणीपत्र (यूएम म्हणजे समोरच्याचा विमाच नसेल तेव्हाचं कव्हर), आणि यूआयएम नाकारल्याचा सही केलेला फॉर्म. तिसरा कागद सगळ्यांत महत्त्वाचा. बरेच कॅरियर प्रीमियम वाचवण्यासाठी यूआयएम नाकारतात किंवा कायद्याच्या किमान रकमेवर ठेवतात, कारण हे कव्हर ट्रकमध्ये बसलेल्या माणसासाठी असतं आणि ब्रोकर त्याची विचारणा कधी करत नाही. टेक्सासमध्ये विमा कंपनीला हे कव्हर द्यावंच लागतं. ग्राहकाने ते लेखी नाकारलं असेल तरच ते सुटतं. टेक्सासचा कायदा लागू असलेल्या पॉलिसीत लेखी नकार सापडला नाही, तर कायद्याने किमान रकमेचं कव्हर आहे असं धरलं जातं. ‘आमच्याकडे यूआयएम नाही’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: नकाराचा फॉर्म दाखवा, सही कुणाची, तारीख कोणती?

डिक्लरेशन्स पानावर प्रत्येक कव्हरसमोर एक आकडा छापलेला असतो. तो रकमेचा नसतो. कोणती वाहनं त्या कव्हरमध्ये येतात याची ती खूण असते. मोटर कॅरियर फॉर्मवर ६१ म्हणजे कोणतंही वाहन, ६२ म्हणजे फक्त मालकीची वाहनं, ६७ म्हणजे यादीत नावानिशी दिलेली वाहनं, ६८ म्हणजे भाड्याने घेतलेली. लायबिलिटीसमोर ६१ आणि यूआयएमसमोर ६२ असं पुष्कळदा आढळतं. तुमचा ट्रॅक्टर कॅरियरच्या दृष्टीने भाड्याचा, म्हणून ६२ असेल तर कंपनी तो यूआयएममध्ये येत नाही म्हणणार. ६७ असेल तर पॉलिसीला जोडलेली वाहनांची यादी मागा आणि तुमच्या ट्रॅक्टरचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) त्यात शोधा. कपात करून घेणारे कॅरियर लीजवरचे ट्रॅक्टर पुष्कळदा यादीत घालतात, आणि मग सेफ्टी विभागाने काहीही सांगितलं असलं तरी कव्हर लागू होण्याची वाट मोकळी होते.

समजा यूआयएम निघालं. किती मिळेल? इथे राज्याराज्यांत मोठा फरक आहे. यजमानांचं नुकसान ३,००,००० डॉलरचं आहे आणि यूआयएम ३०,००० चं आहे असं धरू. टेक्सासमध्ये समोरच्याचे ३०,००० तुमच्या एकूण नुकसानीतून वजा होतात, यूआयएमच्या मर्यादेतून नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तसं ठरवलं. नुकसान शिल्लक उरतं, म्हणून यूआयएमचे ३०,००० पूर्ण मिळतात आणि हाती ६०,००० येतात. इलिनॉय आणि कॅलिफोर्निया यांची रीत वेगळी. तिथे समोरच्याची मर्यादा तुमच्या यूआयएमच्या मर्यादेपेक्षा कमी असावी लागते, आणि मिळालेली रक्कम त्या मर्यादेतून वजा होते. तीस हजारांतून तीस हजार गेले, उरलं शून्य. जॉर्जियात ग्राहकाला दोन प्रकारांतून निवड करता येते आणि दोन्हींचा प्रीमियम वेगळा असतो. तेव्हा पॉलिसी कोणत्या राज्याची, हा प्रश्न तुमच्यासाठी अगदी रोकडा आहे. इलिनॉयमधल्या कॅरियरच्या पॉलिसीलाही टेक्सासमध्ये ठेवलेल्या ट्रकसाठी टेक्सासचं पुरवणीपत्र जोडलेलं असू शकतं. ते शोधा.

घरच्या गाडीच्या पॉलिसीवर यूआयएम असेल तर तिथेही क्लेम नोंदवा, पण फार आशा ठेवू नका. ‘नियमित वापरासाठी उपलब्ध असलेलं पण या पॉलिसीत न घेतलेलं वाहन’ वगळणारं कलम बहुतेक पर्सनल पॉलिसींत असतं, आणि ट्रक हे त्याचं नेमकं उदाहरण. टेक्सासच्या न्यायालयांनी अशी कलमं ग्राह्य धरलेली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये नियमित वापराचं कलम कायम ठेवलं. नॉन-ट्रकिंग पॉलिसीचंही तसंच. भरलेला ट्रेलर घेऊन डिस्पॅचवर, म्हणजे कॅरियरने दिलेल्या फेरीवर, असताना ती लागू होत नाही. तरीही तिच्या यूएम/यूआयएम पुरवणीपत्राची भाषा वाचून घ्यावी, कारण लायबिलिटीला लावलेली अट प्रत्येक पुरवणीपत्रात उतरलेली असतेच असं नाही.

उपचार आणि घरखर्च या दोन्हींसाठी सर्वांत आधी ज्याच्याकडे वळायचं ते ऑक्युपेशनल ॲक्सिडेंट कव्हर. कॅरियरने कपात केली असेल तर हे असण्याची शक्यता मोठी. चूक कुणाची हे ते बघत नाही. डिस्पॅचवर असताना झालेल्या अपघाताचा उपचार ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि काम करता येत नाही त्या काळात दर आठवड्याला रक्कम. पुष्कळ पॉलिसींत ही साप्ताहिक रक्कम १०४ आठवड्यांपर्यंत मिळते. कळवण्याची मुदत आणि पहिला उपचार किती दिवसांत सुरू व्हायला हवा, या अटी आजच वाचा. ही मुदत चुकली तर चांगला क्लेमही हातचा जातो. हे वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामगारांसाठीचा कायदेशीर भरपाई विमा, नव्हे. टेक्सासच्या कामगार कायद्यात ओनर-ऑपरेटरसाठी स्वतंत्र तरतूद आहे, त्यामुळे वर्कर्स कॉम्पचा दावा करायचा असेल तर वकिलाला लीज दाखवूनच; इतर काही राज्यांत चित्र वेगळं असतं.

उत्पन्नाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण जखमी ओनर-ऑपरेटरचं सर्वांत मोठं नुकसान मला इथेच होताना दिसतं. ऑक्युपेशनल ॲक्सिडेंटवाले असोत वा यूआयएमवाले, उत्पन्नाचा पुरावा म्हणून टॅक्स रिटर्न मागतात आणि शेड्यूल सी (रिटर्नमधला धंद्याच्या नफा-तोट्याचा तक्ता) वरचा निव्वळ नफा उचलतात. वर्षाला दोन लाख डॉलरची भाडी कमावलेल्या माणसाचा नफा तिथे पंचवीस हजार दिसू शकतो. ट्रकचा घसारा पहिल्याच वर्षात एकगठ्ठा वजा केलेला असतो, शिवाय जेवणाचा पर डीएम, म्हणजे दर दिवसाची ठरावीक वजावट, असते. दोन्ही कायदेशीर. पण घसारा हा त्या वर्षी खिशातून गेलेला पैसा नसतो, आणि पर डीएमपैकी बराचसा प्रत्यक्षात खर्चही झालेला नसतो. म्हणून अकाउंटंटकडून एक वेगळा तक्ता करून घ्या: एकूण भाडं, त्यातून डिझेल, टोल, देखभाल, विमा हे थांबलेले खर्च वजा, आणि काम बंद असूनही चालूच असलेले खर्च, जसा ट्रकचा हप्ता, परवाने, पार्किंग, हे वेगळे. मागच्या दोन-तीन वर्षांचे साप्ताहिक सेटलमेंटचे कागद त्याला जोडा. टॅक्स रिटर्न बदलायचं नाही, लपवायचंही नाही. त्यातला प्रत्येक आकडा समजावून द्यायचा. समोरचा ॲडजस्टर, म्हणजे क्लेम तपासणारा कंपनीचा माणूस, पंचवीस हजारांना बावन्नने भागून बसलेला असतो. हा तक्ता नसेल तर त्याला उत्तर देण्यासारखं तुमच्या हातात काहीच राहत नाही.

ट्रॅक्टरचं प्रकरण जखमेपासून वेगळं चालवा. तुमची फिजिकल डॅमेज पॉलिसी असेल तर त्यातल्या कोलिजन कव्हरवर क्लेम करा, पिकअपच्या पंचवीस हजारांची वाट पाहू नका. बहुतेक ट्रकच्या पॉलिसी ‘स्टेटेड अमाउंट’वर असतात. लिहिलेली रक्कम आणि बाजारभाव यांतलं जे कमी ते मिळतं, त्यामुळे पॉलिसीवर ९०,००० लिहिलेले असले तरी तेवढे मिळतीलच असं नाही. कंपनीने भाव ठरवताना घेतलेले तुलनेचे ट्रक मागा. मायलेज, इंजिन आणि त्याचं ओव्हरहॉल, स्लीपर, नवे टायर, एपीयू (इंजिन बंद असताना वीज आणि एसी देणारं छोटं यंत्र) यांची बिलं द्या. इंजिन नुकतंच उघडून बांधलेलं असेल तर त्याच्या एका बिलाने हजारोंचा फरक पडतो. कर्ज शिल्लक असेल तर गॅप कव्हर (मिळालेली रक्कम आणि उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारं) आहे का पाहा. आणि टोइंग यार्डातून ट्रॅक्टर लवकर हलवा. स्टोरेजचं मीटर रोज चालू असतं, आणि टोइंग-स्टोरेजच्या कव्हरला मर्यादा असते.

ट्रक गेला म्हणजे नुसतं लोखंड गेलं असं नाही, तो नसल्याने धंदा बंद पडला तेही नुकसान. विमा कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत आल्या की दुरुस्तीचे दिवस धरता येतात, पण वाहन टोटल झालं तर वापर गेल्याची भरपाई नाही. टेक्सासमध्ये २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. ते प्रकरण तुमच्याशी फार जवळचं आहे. जे अँड डी टोइंग या छोट्या व्यवसायाचा एकुलता एक टो ट्रक दुसऱ्याच्या चुकीने टोटल झाला. अपराधी चालकाच्या कंपनीने मालमत्तेची २५,००० ची मर्यादा दिली, आणि व्यवसायाने स्वतःच्या यूआयएमकडे ट्रक नसल्याच्या काळातली भरपाई मागितली. न्यायालयाने ती ग्राह्य धरली. अट अशी की काळ वाजवी हवा आणि रक्कम तर्कशुद्ध पुराव्यावर उभी हवी. म्हणून दुसरा ट्रक शोधण्याचे प्रयत्न, बँकेची उत्तरं, भाड्याने ट्रॅक्टर घेण्याचे दर, सगळं तारखेसह जपून ठेवा. टेक्सासचं यूआयएम जखमेसोबत मालमत्तेलाही लागू असतं. अनेक राज्यांत तसं नाही.

मिळालेल्या पैशावर हात ठेवणारे पुष्कळ असतात. टेक्सासमध्ये अपघातानंतर ७२ तासांच्या आत दाखल केलं असेल तर हॉस्पिटलला अपराधी चालकाच्या पैशावर लीन, म्हणजे बिलापोटी कायदेशीर बोजा, ठेवता येते. काउंटीच्या नोंदींत ती आहे का ते तपासा, नाहीतर तीस हजारांचा चेक हॉस्पिटलच्या नावासह येईल. जमेची बाजू अशी की ही लीन तुमच्या स्वतःच्या यूआयएमच्या रकमेवर बसत नाही. ऑक्युपेशनल ॲक्सिडेंटवाले आणि हेल्थ इन्शुरन्सही परतफेड मागतील. त्यांची मागणी पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून असते आणि वाटाघाटीत कमी होते. तडजोडीआधी प्रत्येकाकडून अंतिम आकडा लेखी घ्या. ट्रेलरमधल्या मालाची जबाबदारी माल पाठवणाऱ्याच्या लेखी कॅरियरचीच असते, चूक पिकअपवाल्याची असली तरी. त्याचं डिडक्टिबल कॅरियर तुमच्या सेटलमेंटमधून कापू पाहील. लीजमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लेखी हरकत घ्या.

मुदतीचं लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये जखमेचा दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो. पण पुरावा त्याच्या कितीतरी आधी नाहीसा होतो. ईएलडीच्या (ट्रकमधल्या इलेक्ट्रॉनिक लॉगच्या) नोंदी कॅरियरला सहाच महिने ठेवाव्या लागतात, डॅशकॅमचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, आणि ट्रॅक्टर सॅल्व्हेजला (भंगारात) गेला की इंजिनच्या कॉम्प्युटरमधली माहितीही जाते. ‘हे जपून ठेवा’ असं पत्र कॅरियरला, डॅशकॅम पुरवणाऱ्याला आणि सॅल्व्हेज यार्डाला याच आठवड्यात जायला हवं. त्या माहितीतून यजमानांचा वेग आणि ब्रेक लावल्याची वेळ निघते, आणि टेक्सासमध्ये जखमी माणसावर जितकी चूक ठरेल तितकी भरपाई कमी होते. पोलिस रिपोर्ट अनुकूल आहे म्हणून यावर विसंबून राहू नका.

वकील घ्यावा का? मणक्याचं ऑपरेशन झालेलं असताना माझं उत्तर निःशंक हो असं आहे. टेक्सासमध्ये त्याला आणखी एक कारण आहे. २००६ मधल्या निकालानुसार अपराधी चालकाची जबाबदारी आणि नुकसानीचा आकडा न्यायालयात ठरेपर्यंत यूआयएम कंपनीवर पैसे देण्याचं करारातलं बंधनच येत नाही. त्यामुळे प्रामाणिक क्लेमलाही पुष्कळदा कोर्टाची पायरी चढावी लागते. वकील निवडताना विचारा की मोटर कॅरियरची पॉलिसी, ३७६ चा लीज करार आणि यूआयएम, तिन्ही त्यांनी हाताळले आहेत का. नुसते कार अपघात करणारे चांगले वकीलही खुणांचे ते आकडे वाचत नाहीत. पिकअपच्या कंपनीने मर्यादा स्वतःहून देऊ केलीच आहे, तेव्हा त्या तीस हजारांवर पूर्ण टक्केवारी घेऊ नये असंही बोलून पाहा. पुष्कळजण मान्य करतात.

ज्यांचा ट्रक आज रस्त्यावर आहे त्यांच्यासाठीही चार शब्द. स्वतःची ऑथॉरिटी (स्वतःच्या नावाचा मालवाहतुकीचा परवाना) असेल तर यूआयएम नाकारण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी वरच्या रकमांचा दर विचारा. लायबिलिटीच्या प्रीमियमसमोर तो सहसा लहान असतो. पॉलिसी एलएलसीच्या (तुमच्या छोट्या कंपनीच्या) नावावर असेल तर तुम्ही आणि घरचे लोक फक्त त्या वाहनात असतानाच सुरक्षित असता. पायी चालताना किंवा दुसऱ्याच्या गाडीत असताना नाही. त्यासाठी ‘ड्राइव्ह अदर कार’ पुरवणीपत्र मिळतं. लीजवर असाल तर करारावर सही करण्याआधी यूआयएमसमोरची खूण आणि रक्कम बघायला मागा. कॅरियर दाखवायला तयार नसेल तर ऑक्युपेशनल ॲक्सिडेंटची सर्वांत मोठी मर्यादा घ्या आणि त्याशिवाय स्वतःचा डिसेबिलिटी विमाही घ्या.

ताई, उद्या सकाळी तीन पत्रं निघू द्या: विमा कंपन्यांना संमतीचं, कॅरियरला ३७६.१२ खाली पॉलिसीच्या प्रतींचं, आणि पुरावा जपण्याचं. पिकअपच्या कंपनीला एका ओळीत कळवा की ऑफर मिळाली, यूआयएम कंपन्यांच्या संमतीची वाट पाहत आहोत, तोवर ती खुली ठेवावी. डिक्लरेशन्स पान हाती आलं की यूआयएमसमोर कोणता आकडा आहे आणि यादीत तुमचा व्हीआयएन आहे का, एवढं कळवा. पुढचा हिशेब त्यावरून मांडता येईल.